चांदरीच्या मांडीवरचा डाग

“सायकल भिंतीले टेकवू नका साहेब. तशीच फिरवा अन् चला.”

जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर अमरसिंग उभा होता. किन्हीराजापासून दोन कोसांवरच्या दौलतसिंग नाईकाच्या तांड्यातला हा तिशीचा गडी. धावत आल्यामुळे त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“काय झालं?” गुलाबरावांनी विचारलं.

“नसाब बसून राह्यली. माया काकूले, नानीबाईले, तांड्यातून काढतेत. डाकण ठरवलं तिले.”

नसाब म्हणजे बंजाऱ्यांची पंचायत आणि डाकण म्हणजे चेटकीण, हे गुलाबरावांना ठाऊक होतं. त्यात आपलं काय काम, हे कळेना.

“मी ढोरांचा डॉक्टर, अमरसिंग. पोलिसात जा.”

“पोलीस उद्या येतीन. बुढी आज जाईन. अन् झगडा ढोराचाच हाय. लालसिंगची चांदरी.”

चांदरीचं नाव गुलाबरावांनी ऐकलं होतं. चार वर्षांची कालवड, अजून एकदाही माजावर आली नव्हती. लालसिंग तिच्यासाठी दोनदा दवाखान्यात येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्यांनी कालवड न पाहताच पुड्या बांधून दिल्या होत्या.

त्यांनी सायकल फिरवली.

१९५७ सालचा जानेवारी होता. तांड्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. नाईकाच्या घरापुढे पुरुष गोल करून बसले होते. बायका मागे उभ्या होत्या. एका बाजूला नानीबाई बसली होती. सत्तरी ओलांडलेली, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, मांडीशी एक गाठोडं. गाठोडं बांधून तयार होतं.

दौलतसिंग नाईकाने डॉक्टरांना घोंगडीवर जागा दिली.

“साहेब, तुमचा मान हाय. पण हे आमचं घरचं काम. दिवस कलला की निकाल सांगायचा हाय.”

“तोवर मला विचारू द्या.”

“विचारा. पण उत्तर एकच भेटीन.”

ते खरंच निघालं.

गुलाबराव आधी नानीबाईसमोर बसले. “माय, तू काय म्हणाली होतीस?”

“आखाडात लालसिंग कामावरून वापस आला. तो नव्हता तवर त्याची कालवड उदयसिंगच्या कळपात होती. उदयसिंगनं आणून गोठ्यात बांधली. मी मागून पायली अन् म्हटलं, हिले वासरू होणार नाई.”

“कशावरून?”

“दिसलं म्हणून.”

“काय दिसलं?”

“पन्नास वर्सं बाया अन् गायी बाळंत करून राह्यली मी. जे दिसते ते दिसते.” म्हातारीने त्यांच्याकडे तिरकं पाहिलं. “तुमी तर शिकेल हा. दोन बार पुड्या देल्या. तुमाले नाई दिसलं?”

मागे बायका हसल्या. गुलाबरावांचे कान तापले.

“आयका!” उदयसिंग उठून उभा राहिला. हा नाईकाचा धाकटा भाऊ. सगळ्या तांड्याची ढोरं उन्हाळ्यात पैनगंगेच्या जंगलात चारायला नेणारा. “केल्याबिगर कसं समजलं तिले? बोलली, अन् तसंच झालं. सहा महिन्यांत चांदरी माजावर नाई. मागच्या हप्त्यात लालसिंगची दुसरी गाय गाभडली. आता काय माणसं मरायची वाट पाह्यची?”

“तिनं पाहिलं ते सांगितलं,” गुलाबराव म्हणाले. “सांगणं म्हणजे करणं नव्हे.”

“मंग तुमीच सांगा काय पायलं तिनं.”

ते त्यांना सांगता येईना. चीड आली ती याचीच.

“कालवड दाखवा,” ते म्हणाले.

लालसिंगचा गोठा चार पावलांवर होता. लाल अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली कालवड दाव्याला होती. मान जाड, अंग एखाद्या गोऱ्ह्यासारखं भरीव. सडं वाटाण्याएवढी. शेपटी उचलल्यावर गुलाबरावांना दिसलं, जननमार्गाचं तोंड बारीक आणि त्याच्या टोकाला लांब केसांचा झुबका. त्यांनी हाताला तेल लावून आत तपासलं. मार्ग बोटभर गेला आणि संपला. जिथे गर्भाशय हवं, तिथे सुतळीसारखं काहीतरी लागलं. बस.

त्यांनी हात धुतला. हे आपण सहा महिन्यांपूर्वी पाहायला हवं होतं.

“लालसिंग, ही जुळ्यातली आहे. हिच्याबरोबर गोऱ्हा जन्मला होता.”

लालसिंग हातात पाण्याचा लोटा घेऊन उभा होता. “नाई जी. एकटीच झाली.”

“आठवून सांग.”

“आठवायचं काय? दिवाळीच्या पाडव्याले झाली. सारा तांडा होता.”

त्यांनी सोनीबाईला विचारलं. लालसिंगची बायको पदराचं टोक दातात धरून उभी होती.

“एकटी. माया हातानं पुसली.”

नाईकाला विचारलं. “एकटी.” अमरसिंगला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, एकटीच होती. म्याबी पायलं.” शेवटी नानीबाईला विचारलं.

“एकटीच. मीच ओढली.”

“माय, तू तरी माझ्या बाजूनं बोल!”

“तुमच्या बाजूनं झूट बोलू?”

गुलाबराव गव्हाणीच्या काठावर बसले. एकटी जन्मलेली कालवड अशी निघणं फार विरळ. हजारात एखादी निघत असेलही. पण हजारातली एक इथेच निघाली असं सांगितलं, तर नसाब म्हणेल, तीच तर करणी. ज्ञान हातात होतं आणि त्याचा उपयोग नव्हता. ऊन समोरच्या कुडावरून खाली सरकत होतं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

“सोनीबाई, तुम्ही कामावर कधी गेलात?”

“मांगची नाई, तिच्या आधीच्या दिवाळीनंतर. कापसाच्या जिनात. मंग सडकेच्या कामावर. आलो आखाडात.”

“परत आल्यावर चांदरीत काही बदल वाटला?”

“वाटला ना. आधी मी नाव घेतलं की धावत ये. माया हातचं मीठ खाये. आता हाक मारली तर कानबी हालवत नाई.”

“ते कोणाला सांगितलंत?”

“उदयसिंगभाऊले सांगतलं. त्यायनं म्हटलं, डाकणीनं नजर लावली की ढोर मालकाले भुलते.”

“आणखी?”

“मांडीवरचा डाग ताजा दिसे. खपली पडून नवी कातडी आल्यासारखा. तेबी म्या इचारलं. तर म्हणे, नजर लागली की जुना घाव वर येते.”

“म्हणजे जे जे दिसलं, ते सगळं नानीबाईच्या नावावर घातलंत!”

“मंग कोनाच्या घालू?” सोनीबाई चिडून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “त्या बाईनं माये तीन पोरं बाळंत केले साहेब. मले काय हौस हाय का?”

गुलाबराव उठले. शेजारी लालसिंगची म्हातारी गाय बांधलेली होती. रागाने त्यांनी तिच्या मांडीवर तळहात टेकला आणि तसेच उभे राहिले. तिथे तांड्याचा डाग होता, चंद्रकोर आणि खाली टिंब. त्यांचा पूर्ण तळहात त्या कोरीत मावला.

त्यांनी वळून कालवडीचा डाग पाहिला. तीच कोर, तेच टिंब. तीन बोटांएवढी.

“हा डाग केव्हा देता?”

“पयल्या होळीले,” लालसिंग म्हणाला. “चांदरी चारेक महिन्याची होती. सोनीनं पाय धरले होते.”

“लोखंड कोणाचं?”

“तांड्याचं एकच हाय. नाईकाच्या घरी राह्यते. उन्हाळ्यात जंगलात जाते, तिथं तिसऱ्याच गावची ढोरं मिसळतेत म्हणून.”

गुलाबराव नाईकाच्या घरी परतले तेव्हा गूळ घातलेला चहा आला होता. दौलतसिंग थकलेला दिसत होता. समोर उदयसिंगचा गोठा होता. तिथे एक लाल, देखणा गोऱ्हा बांधलेला होता. त्याच्याही कपाळावर पांढरा ठिपका.

“गोऱ्हा छान आहे,” गुलाबराव म्हणाले.

“उदयसिंगच्या कबऱ्या गायीचा. तांड्यातली सगळी लाल वासरं एकाच वळूची. ठिपका त्याचाच.” नाईक जरा खुलला. “याच्यापरीस कालवड अजून देखणी होती. कबरीचीच. तेबी त्याच उन्हाळ्यातली. जंगलातच झाले दोघं.”

“आता कुठे आहे ती?”

“कामरगावकडच्या तांड्यात. माई पुतणी, उदयसिंगची भुरीबाई. तिचं लगन झालं वैशाखात. उदयसिंगनं आंदण म्हणून देली. काय सजवली होती! शिंगाले घुंगरं, अन् आरशाची झूल पार गुडघ्यापर्यंत.”

“झुलीखाली डाग होता का?”

“नाई. आंदणाच्या ढोराले आमी डाग देत नाई. लेकीचं ढोर ज्या तांड्यात जाते, त्याचा डाग घेते. ते आमी कोरंच ठेवतो.”

“आणि आता कशी आहे ती?”

“गाभण. पाचवा महिना. भुरीची सासू गावभर सांगून राह्यली.”

गुलाबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. थोडा चहा घोंगडीवर सांडला. त्यांनी तो पुसलाही नाही.

“नाईक, ते डागायचं लोखंड आणा. आणि सगळ्यांना लालसिंगच्या गोठ्यात बोलवा.”

“कायले?”

“निकाल सांगायचा आहे ना? गोठ्यात सांगू.”

माणसं कुरकुरत आली. उदयसिंग शेवटी आला आणि कुडापाशी थांबला.

गुलाबरावांनी थंड लोखंड हातात घेतलं. सगळ्यांना दिसेल असं धरून ते कालवडीच्या डागावर टेकवलं. कोरीवर कोर बसली, टिंबावर टिंब. कुठे केसाचीही फट नाही.

“पाहिलं? आता या म्हातारीवर.”

म्हाताऱ्या गायीच्या मांडीवर लोखंड कोरीच्या पोटात बुडून गेलं. चहूबाजूंनी जागा उरली.

मागची माणसं माना उंचावून पुढे सरकली.

“लोखंड तेच. मग एक डाग एवढा आणि एक तेवढा का?” गुलाबरावांनी विचारलं. ते शाळेत शिकवल्यासारखे थांबले. उत्तर त्यांना दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

सोनीबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. मनगटावर लहानपणी गोंदलेलं फूल होतं, आता पसरून फिकट झालेलं.

“अंग वाढते तसा डाग वाढते,” ती हळूच म्हणाली. “माया हे फूल चिंचोक्याएवढं होतं.”

“बरोबर. तुम्ही पाय धरलेत तेव्हा चांदरी चार महिन्यांची होती. तिचा डाग आज तळहाताएवढा हवा. हा वाढलेलाच नाही. हा दिला तेव्हा कालवड पुरी वाढली होती.” गुलाबरावांनी लोखंड नाईकाच्या हातात दिलं. “लालसिंग, ही तुझी चांदरी नव्हे. म्हणून ही हाकेला येत नाही. म्हणून डाग ताजा होता.”

“मंग माई चांदरी कोठी हाय?”

“सांगतो. आधी ही कोण ते ऐका.”

ते गव्हाणीवर बसले. मघाची चीड थोडी उतरली होती.

“गायीच्या पोटात वासरू पहिले काही दिवस ना गोऱ्हा असतं ना कालवड. दोन्हीची तयारी त्याच्यात असते. नाईक, तुमचे आजे बैलांवर धान्य लादून देशोदेशी जात. तांड्यात प्रत्येकाला सगळी कामं येत. बैल सोडणं, पाणी आणणं, चूल मांडणं. पण कोणतं काम केव्हा, हे कशावरून ठरे?”

“नगाऱ्यावरून,” दौलतसिंग म्हणाला. “नाईकाच्या नगाऱ्यावरून.”

“तसंच पोटात. शरीराच्या कणाकणात सगळ्या अवयवांची माहिती असते. त्यातली कोणती केव्हा उघडायची आणि कोणती मिटून ठेवायची, याचा हुकूम सुटतो. हा नगारा नेमका कोण वाजवतो, ते मोठे विद्वान अजून शोधतायत. मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की गोऱ्ह्याचा नगारा आधी वाजतो, आणि तो रक्तातून वाजतो.”

“आता एका पोटात दोन तांडे उतरले समजा,” ते पुढे म्हणाले. “एक गोऱ्ह्याचा, एक कालवडीचा. गायीच्या जुळ्यांत दोघांच्या रक्ताच्या वाटा एकमेकींत मिळतात. मग गोऱ्ह्याचा नगारा कालवडीच्या तांड्यात ऐकू येतो. तिचं शरीर भलताच हुकूम पाळतं. गर्भाशय घडायचं तिथे घडत नाही. बाहेरून कालवड, आत काहीच नाही. दहांतल्या नऊ अशाच निघतात. कोणी नजर लावायची गरज नसते. तिच्या जन्माआधीच हे झालेलं असतं.”

“मंग बाईले जुळं झालं, पोट्टा अन् पोट्टी, तर?” मागून एका बाईने घाबरून विचारलं.

“बाईच्या पोटात त्या वाटा अशा मिळत नाहीत. पोरगी धडधाकट राहते. पोरीला नावं ठेवू नका.”

गुलाबराव आता कुडाकडे वळले.

“उदयसिंग, तुझ्या कबऱ्या गायीला एकाच उन्हाळ्यात गोऱ्हाही झाला आणि कालवडही. नाईकच म्हणाले. गाय नऊ महिने वासरू पोटात वागवते. एका उन्हाळ्यात ती दोनदा कशी व्याली?”

उदयसिंग कुडाची काटकी मोडत राहिला.

“जुळं होतं ना?”

“जंगलात झालं. कोनी इचारलं नाई.”

“मग ती जुळ्यातली कालवड आंदणात गेली. ती गाभण राहायला नको होती, पण ती पाच महिन्यांची गाभण. आणि एकटी जन्मलेली चांदरी वांझ. उलटं झालंय. कालवडी बदलल्याशिवाय उलटं होत नाही. तुझी कालवड आंदणासाठी कोरी ठेवली होती, म्हणून तिच्यावर लालसिंगचा डाग देता आला. तशीच लाल, तशाच ठिपक्याची चांदरी तुझ्याच कळपात होती. लोखंडही तुझ्याजवळ होतं. आणि चांदरीच्या मांडीवरचा मोठा डाग लग्नात दिसू नये, म्हणून झूल गुडघ्यापर्यंत.”

“तिथं गेल्यावर?” नाईकाने भावाकडे न पाहता विचारलं. “तिथं डाग दिसला असन ना?”

“व्याह्याले म्हटलं, पोरायनं चुकून डागली.” उदयसिंग खाली बसला. “वळू माया कालवडीजवळ फिरकेना. बाकी कालवडी लागून गेल्या. पोरीची सुपारी फुटून लगन ठरलं होतं, कालवड कबूल केली होती. पोरीसंगं वांझ ढोर गेलं असतं तर सासूनं ढोराले नसतं बोललं, पोरीले बोललं असतं. जनमभर.”

“म्हणून माया काकूले घालवत होता?” अमरसिंग पुढे सरसावला.

“तिनं पयल्याच नजरेत ओळखलं. आज ना उद्या ती सांगन, हे जुळ्यातलं म्हणून. मी आधी बोललो.”

अमरसिंगला दोघांनी धरलं. लालसिंग नुसता उभा होता. सोनीबाई रडत होती.

दौलतसिंगने लोखंड जमिनीवर ठेवलं. “माया भावाचा निकाल मी करत नाई. नानीबाई, तूच सांग.”

म्हातारीने गाठोड्यावरचा हात काढला नाही. “चांदरी भुरीजवळ राहू द्या. पोरीचा कसूर नाई. उदयसिंगनं कबरी गाय लालसिंगच्या दारात आणून बांधावी. दूध देऊन राह्यली ती. अन् दंड काय ते तुमी पाहा.”

“मंजूर?” नाईकाने विचारलं.

“मंजूर,” लालसिंग म्हणाला.

संपलं असं गुलाबरावांना वाटलं. त्यांनी बाह्या खाली केल्या. तेवढ्यात मागून कुजबुज आली.

“ते सगळं खरं. पण बुढीनं नुसतं पाहून ओळखलं कसं? नजर तर हायच ना तिच्यात.”

दोन-तीन माना हलल्या. गुलाबरावांना डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. तासभर बोललो, आणि हे! त्यांनी तोंड उघडलं, पण नानीबाई आधीच उठली होती.

“इकडं ये सोनी. तू आधी.” तिने कालवडीची शेपटी वर धरली. “वाक. काय दिसते?”

“केस हायत. झुबका.”

“आता तिकडं खुंट्याले लालसिंगची छोटी कालवड हाय, तिचं पाह्य. हाय झुबका?”

“नाई.”

“सडं पाह्य. दोघींची.”

सोनीबाईने पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. “हिचे वाढलेच नाई.”

“बस. एवढंच म्या पायलं. जुळ्यातलं म्हणून मले ठाऊक नव्हतं, ते साहेबाले ठाऊक. पण अशा दोन पायल्या होत्या आधी. दोन्ही फळल्या नाई.” तिने आवाज चढवला. “एकेक करून या साऱ्या. जिले कुजबुजायचं असन तिनं पयले यावं!”

बायका आल्या. वाकल्या, पाहिलं, बाजूला झाल्या. मग पुरुष. पोरं पायांतून घुसली, त्यांना गुलाबरावांनी उचलून धरून दाखवलं. कालवड वैतागून लाथा झाडायला लागली, तरी म्हातारीने शेपटी सोडली नाही.

“नाईक, तुमी राह्यले.”

दौलतसिंगने पागोटं सावरलं, गुडघ्यांवर हात ठेवले आणि सगळ्या तांड्यासमोर वाकला.

“दिसलं?”

“दिसलं.”

“मंग तुमीबी डाकण झाले.”

आधी कोणाला हसायचं सुचलं नाही. मग सोनीबाई ओल्या डोळ्यांनीच फसकन हसली आणि सगळा गोठा हसला. अमरसिंगने गाठोडं उचललं आणि काकूच्या खोपटाकडे चालू लागला.